माकूल: दोन मिनिटं, नाहीतर पाऊण तास

या वेळच्या पत्रांत माकुलाचे प्रश्न इतके आहेत की सगळं सदर त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. हॉटेलच्या मेनूकार्डावर ज्याला कॅलमारी म्हणतात तेच हे. बाजारात माकूल, म्हाकूळ, माकली यांपैकी कुठल्याही नावाने विचारलंत तरी चालतं.

प्रश्न (सिडको): अर्धा किलो माकूल आणलं आणि कोळंबीचा करतो तसा मसाला करून त्यात घातलं. दहा मिनिटांनी चावून पाहिलं तर चिवट, म्हणून आणखी दहा मिनिटं शिजवलं, तर अगदी रबर. माल जुना होता का?

उत्तर: माल ठीक असावा. गॅस चुकीच्या वेळी बंद झाला.

माकुलाचं मांस माशासारखं पाकळ्या-पाकळ्यांचं नसतं. नळीसारख्या पोकळ धडाभोवती बारीक स्नायूतंतू घट्ट बसलेले असतात आणि त्यांच्या आतून-बाहेरून कोलॅजेनचे चिवट पदर असतात. तुकडा आतून 55-57 अंशांपर्यंत तापला की तो रसाळ असतो, दाताखाली किंचित करकरतो. साठीच्या पुढे गेला की कोलॅजेन आकसतं, नळी आवळली जाते आणि आतलं पाणी पिळून बाहेर येतं. तुम्ही चावून पाहिलंत तेव्हा हेच चाललं होतं. पुढचा अर्धा तास माकूल सगळ्यात वाईट लागतं. मंद उकळीत तसंच राहू दिलं, तर तेच कोलॅजेन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. तुकडा मऊ पडतो आणि रस्साही अंगासरशी दाट होतो.

म्हणून वेळा दोनच. मोठ्या आचेवर दीड ते दोन मिनिटं, किंवा बारीक आचेवर झाकण ठेवून चाळीस ते पन्नास मिनिटं. मधल्या वेळेला उतरवलेलं माकूल चांगलं लागत नाही, मसाला कितीही चांगला जमलेला असो. पुढच्या वेळी अंदाज चुकलाच तर टाकून देऊ नका. अर्धी वाटी गरम पाणी घाला, झाकण ठेवा आणि तुकडा चमच्याच्या कडेने सहज तुटेपर्यंत शिजू द्या.

कूकरमध्ये किती वेळ शिजवायचं, असं इतर काही वाचकांनी विचारलं आहे. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून दहा मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही. एका घरच्या तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, दुसऱ्या घरी त्यालाच नऊ मिनिटं लागतात.

प्रश्न (गंगापूर रोड): नाशिकला समुद्र नाही. मग इथे मिळणारं माकूल ताजं असतं का? आणि ते ओळखायचं कसं?

उत्तर: मुंबई आपल्याकडून रस्त्याने साधारण 165-170 किलोमीटर. कसारा घाट चढून गाडी काही तासांत येते, त्यामुळे प्रवास हा खरा प्रश्न नाही. माकूल बहुतेक ट्रॉलरच्या जाळ्यात येतं आणि ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात असतो. त्या दिवसांत बर्फ किती होता, यावर सगळं ठरतं. इथे ताजं म्हणजे पकडल्यापासून नीट राखलेलं, एवढंच समजा.

आधी साल बघा. साल अखंड हवी आणि तिच्यावर तपकिरी-जांभळे ठिपके वेगवेगळे दिसायला हवेत. माल जुना होत गेला की ठिपक्यांतला रंग उतरतो आणि आतल्या मांसात झिरपतो. त्यामुळे नळीच्या कडेला मांस दुधाळ पांढरं असेल तर घ्या, गुलाबी किंवा पिवळट झाक असेल तर सोडा. मग ते डोक्याला धरून उचला. डोकं धडापासून सुटू लागलं, तर पोटातल्या पाचक रसांनी आसपासचं मांस सैल केलं आहे. डोळे काळेभोर आणि स्वच्छ हवेत. बोटाने दाबलं की मांस परत वर यायला हवं. वास समुद्राचा असावा, अमोनियासारखा नाकात चढणारा नको. बाहेरून धुतलेल्या मालाचा वास फसवतो. नळीचं तोंड नाकाजवळ नेऊन वास घ्या. मासेवाल्याला त्याचं काही वाटत नाही.

माकूल आधीच साफ करून, पांढऱ्या नळ्यांचा ढीग लावून ठेवलेला असेल तर साल, डोळे, डोकं यांतली एकही खूण उरत नाही. साफ करण्याचे कष्ट वाचतात हे खरं, पण आपण आंधळा सौदा करतो. अख्खं निवडा, वजन करा आणि मग हवं तर तिथेच साफ करून घ्या.

गोठवलेल्या मालाला मात्र उगाच नावं ठेवली जातात. माकूल गोठवणं चांगलं सोसतं, माशापेक्षा बरंच चांगलं. पकडल्यावर लगेच गोठवलेलं पाकीट चार दिवस बर्फात पडलेल्या मालापेक्षा नक्कीच सरस. वाईट असतो तो गोठवलेला माल सोडवून ताजा म्हणून विकलेला. म्हणून सरळ विचारा: "बर्फातलं आहे की फ्रोझन सोडवलेलं?" सोडवलेलं असेल तर त्याच दिवशी शिजवा आणि पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका. दुसऱ्यांदा गोठताना तंतू आणखी फाटतात आणि तव्यावर नुसतं पाणी होतं.

पाकीट घेताना हलवून पाहा. रिंगा सुट्या वाजायला हव्यात. सगळा एकच गठ्ठा झाला असेल आणि पिशवीच्या आत बर्फाचे मोठे खडे असतील, तर ते वाटेत कधीतरी वितळून पुन्हा गोठलेलं आहे. कोरडे पांढरे चट्टे म्हणजे फ्रीझरच्या हवेने सुकलेला भाग; तो शिजवूनही कापसासारखाच राहतो. वजन वाचताना बर्फाचा थर धरून लिहिलं आहे की वगळून, हेही पाहा.

मोसमाचंही लक्षात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. आखाडात, गटारीच्या आदल्या दिवशी ढिगाने दिसणारं माकूल बहुधा गोठवणीतलं असतं किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेलं, कारण तिकडची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते. ते खायला हरकत नाही, पण ताज्याचा भाव देऊ नका.

प्रश्न (इंदिरानगर): साफ करून देणारा मासेवाला मिळाला नाही तर घरी कसं करायचं? शाईची पिशवी फुटली तर सगळं वाया जातं का?

उत्तर: वाया काही जात नाही. शाई विषारी नसते. इटली-स्पेनमध्ये ती भातात आणि पास्त्यात मुद्दाम घालतात. तिचे फक्त डाग पडतात. ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरा, सिंकमध्ये मोठं पातेलं गार पाण्याने भरून ठेवा, फिक्या रंगाचे कपडे घालू नका. एक किलोला, सवय नसेल तर, अर्धा तास धरा.

डाव्या हातात नळी धरा. उजव्या हाताची दोन बोटं नळीच्या तोंडातून आत घालून डोक्याच्या मागचा भाग सैल करा, मग डोकं किंचित पिळत, सावकाश पण एका दमात ओढा. आतडी डोक्याबरोबर बाहेर येतात. हिसका दिलात तर डोकं हातात येतं आणि पोट आतच राहतं. तसं झालं तर चमच्याच्या दांड्याने खरवडून काढा. आतड्यांवर चंदेरी-काळसर, लांबट पिशवी दिसेल, ती शाईची. ती तशीच आतड्यांबरोबर टाकून द्या.

आता डोळ्यांच्या पुढे, पायांच्या बाजूला सुरी लावून कापा. डोळे आणि आतडी एका बाजूला गेली, पायांचा झुबका तुमच्याकडे राहिला. डोळ्यावर सुरी बसली तर आतलं काळं पाणी उडतं, म्हणून हे काम पाण्याखाली केलेलं बरं. झुबक्याच्या मधोमध चण्याएवढी टणक चोच असते. मागून अंगठ्याने दाबा, ती उसळून बाहेर येते. ही राहून गेली तर जेवताना दात दुखावेल. दहा पायांपैकी दोन बरेच लांब असतात. मोठ्या माकुलात त्यांच्या टोकाच्या चोषकांना दातेरी कडक कडी असते. ती टोकं कापून टाका. उरलेले पाय जाड्या मिठाने चोळून धुवा, चोषकांत अडकलेली वाळू निघून जाते. पाय कधीही टाकू नका, सगळ्यात चविष्ट भाग तोच.

नळीच्या आत, वरच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं पारदर्शक पातं लागेल. तोंडाशी त्याचं टोक चिमटीत पकडून ओढा, अख्खं येतं. मधेच मोडलं तर उरलेला तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग साल. टोकाकडचे दोन पर मुळाशी धरून ओढले की सालही त्यांच्याबरोबर सुटू लागते. निसटत असेल तर कोरड्या फडक्याने किंवा चिमूटभर मीठ बोटांना लावून धरा. पराची सालही निघते, आणि पर खाण्याजोगे असतात. साल काढलीच पाहिजे असं नाही. बोटाएवढी लहान माकुलं रश्शात घालायची असतील तर राहू द्या. तळायला किंवा परतायला मात्र काढा, कारण ती आकसून तुकडे वाकडे करते आणि तिच्यावर पीठ धरत नाही.

शेवटी नळीत बोट फिरवून आतला बुळबुळीत पडदा काढा आणि वाहत्या गार पाण्याखाली आतून-बाहेरून धुवा. पाण्यात भिजत ठेवू नका. पाणी पिऊन फुगलेलं माकूल पुढे तव्यावर ते सगळं परत देतं. धुतलं की चाळणीत उभं करून निथळा आणि फडक्याने टिपून घ्या. शाईचे डाग हातांवर आणि ओट्यावर लगेच गार पाणी-साबणाने जातात. वाळले तर घासावं लागतं.

कचऱ्याचा वास हा दुसरा त्रास. आतडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीझरच्या एका कोपऱ्यात ठेवा आणि सकाळी घंटागाडी आली की ओल्या कचऱ्यात रिकामी करा. कुंडीत पुरायचा विचार असेल तर सोसायटीतल्या मांजरांना आधी विचारून घ्या.

प्रश्न (पाथर्डी फाटा): चार माणसांना किती आणू?

उत्तर: जेवणातला मुख्य पदार्थ असेल तर अख्खं एक किलो. साफ होऊन साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅम उरतं, शिजून आणखी आकसतं. नुसतं तोंडी लावणं असेल तर सहाशे ग्रॅम पुरे.

प्रश्न (पंचवटी): सुकं करायला जातो आणि कढईत पाणीच पाणी होतं. ते आटेपर्यंत माकूल चिवट. काय चुकतं?

उत्तर: तीन गोष्टी एकदम चुकत असणार: माकूल ओलं, कढई थंड, गर्दी जास्त. घरच्या गॅसच्या आचेला एकदम अर्धा किलो माकूल पेलत नाही. कढईचं तापमान खाली येतं, तुकडे भाजले जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकळतात आणि ते पाणी आटवण्याच्या नादात दोन मिनिटांची बारा होतात. मीठ आधी लावून ठेवलं असेल तर त्यानेही पाणी सुटतं.

मसाला आणि माकूल वेगवेगळे करा, हा त्यावरचा उपाय. अर्धा किलो साफ माकुलासाठी तीन चमचे तेलात दोन मध्यम कांदे बारीक चिरून तांबूस परता. आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, अर्धा चमचा हळद, दोन लहान चमचे मालवणी किंवा घरचा मसाला आणि तीन-चार कोकमं घाला. दोन चमचे पाण्याचा हबका मारून मसाल्याला तेल सुटेपर्यंत शिजवा, मीठही इथेच घाला. मसाला अगदी कोरडा झाला पाहिजे. गॅस बंद.

आता लोखंडी कढई किंवा जाड तवा धूर निघू लागेपर्यंत तापवा. चमचाभर तेल सोडा आणि टिपून कोरडे केलेले तुकडे एका थरात मावतील एवढेच टाका. अर्ध्या किलोचे तीन घाणे होतात. पहिला मिनिटभर हलवू नका. तुकडे पांढरे होऊन कडा वळल्या की उलटा, आणखी अर्धा मिनिट ठेवा आणि ताटात काढा. पाय जाड असतात, ते आधी टाका. सगळे घाणे झाले की मसाला पुन्हा कडक गरम करा, माकूल त्यात घालून वीस सेकंद ढवळा आणि उतरवा. ओलं खोबरं, कोथिंबीर वरून. ताटात साठलेलं पाणी कढईत ओतू नका, वाटीत ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या आमटीत किंवा भातात त्याची चव उतरते.

तुकडे सुबक हवे असतील तर नळी एका बाजूने उभी चिरून पुस्तकासारखी उघडा, आतल्या बाजूवर अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने तिरक्या रेघा मारा आणि मग उलट दिशेने तशाच. सुरी निम्म्या जाडीपर्यंतच जाऊ द्या. तापल्यावर तुकडा गुंडाळला जातो, नक्षी वर येते आणि मसाला त्या खाचांत बसतो. बाहेरच्या बाजूवर रेघा मारल्या तर नक्षी उमलत नाही. दिसण्यापेक्षाही फायदा असा की तंतू कापले गेल्याने तुकडा चावायला हलका होतो.

प्रश्न (सातपूर): रिंगा तळताना तेल भयंकर उडतं आणि पीठ निघून येतं.

उत्तर: दोन्हीचं मूळ ओलावाच. रिंगेच्या आतल्या बाजूला चिकटलेलं पाणी तेलात पडलं की त्याची एकदम वाफ होते. रिंगा एक सेंटिमीटर रुंद कापा, आतून-बाहेरून टिपा, उघड्या ताटात फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा. लहान माकूल अख्खं तळायचा मोह आवरा. बंद नळीत वाफ कोंडते आणि ती फुटते.

अर्धा किलोला अर्धा चमचा हळद, दीड लहान चमचा तिखट, एक चमचा आलं-लसूण वाटण आणि थोडा लिंबाचा रस दहा मिनिटं लावा. त्याहून जास्त वेळ लिंबात राहिलं तर वरचा थर लिंबानेच शिजल्यासारखा घट्ट होतो आणि पाणी सोडतो. मीठ पिठात मिसळा. पीठ म्हणजे चार मोठे चमचे तांदळाचं, दोन मोठे चमचे बारीक रवा. रिंगा घोळून चाळणीत झटका आणि लगेच तेलात सोडा. घोळून ठेवलेलं पीठ ओलं होऊन लगदा होतं, तेच मग तेलात सुटतं. तेल 180 अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून पाहा, तो तळाला न टेकता वर यायला हवा. अर्ध्या लिटर तेलात एका वेळी आठ-दहा रिंगाच, दीड मिनिट. सोनेरी रंगाची वाट पाहू नका. रवा-तांदळाच्या पिठाला तो रंग चढेपर्यंत आतली रिंग बिघडलेली असते. फिकी असतानाच काढायची.

प्रश्न (देवळाली कॅम्प): माकूल मऊ व्हायला कुणी दूध सांगतं, कुणी कच्ची पपई, कुणी सोडा. खरं काय?

उत्तर: सोडा काम करतो. अर्धा किलो कापलेल्या माकुलाला अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा चोळून वीस मिनिटं ठेवा, मग दोन-तीन पाण्यांनी नीट धुऊन टिपा. अल्कलीमुळे तंतू पाणी धरून ठेवतात आणि कमी आवळतात. प्रमाण किंवा वेळ वाढवली तर माकूल बुळबुळीत होतं आणि साबणाची चव येते. पपईतलं पपेन मटणाच्या जाड तुकड्याला ठीक. माकुलाची भिंत इतकी पातळ असते की वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो. दुधाने वास थोडा कमी होतो, मऊपणात फरक पडत नाही. आमचं मत विचाराल तर वेळ पाळली की यातलं काहीच लागत नाही. मोठं, जाड माकूल परतायचं असेल तेवढ्यापुरता सोडा.

प्रश्न (म्हसरूळ): आपल्याकडच्या काळ्या मसाल्यात माकूल चालेल का, की मालवणीच करावं?

उत्तर: चालतं, पण फक्त पाऊण तासाच्या पद्धतीत, आणि मसाला मटणाच्या निम्मा. दोन मिनिटं परतलेल्या माकुलाची गोडसर चव काळ्या मसाल्यापुढे टिकत नाही. रश्शात शिजून ती रसात उतरली की जोडी जमते. यासाठी मोठी, जाड माकुलं घ्या. ती स्वस्तही असतात.

साडेसातशे ग्रॅम साफ माकुलाचे इंचभर तुकडे करा. दोन कांदे थेट आचेवर काळे होईपर्यंत भाजून सोला, अर्धी वाटी सुकं खोबरं भाजा, दहा लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबीर यांबरोबर बारीक वाटा. चार चमचे तेलात वाटण आठ-दहा मिनिटं परता. तेल सुटल्यावर दीड चमचा काळा मसाला आणि एक चमचा तिखट घालून, करपण्याआधी, माकूल टाका. दोन-तीन मिनिटांत त्याला पाणी सुटेल. इथे ते हवंच आहे. वर दोन वाट्या गरम पाणी घाला. गार पाण्याने उकळी मोडते आणि तवंग नीट येत नाही. झाकण ठेवा, आच अगदी बारीक करा. चाळीस मिनिटांनी तुकडा दाबून बघायला सुरुवात करा. शिजलं की तीन कोकमं घालून पाच मिनिटं उकळा. मीठ सगळ्यात शेवटी चाखून घाला. माकूल मुळात खारट असतं आणि रस्सा आटला की खारटपणा वाढतो. बाजरीच्या भाकरीबरोबर वाढा.

प्रश्न (कॉलेज रोड): बटर-गार्लिक करताना नाशिकची व्हाइट वाइन घालायची आहे. कधी घालू?

उत्तर: माकुलाच्या आधी. परतत असलेल्या माकुलावर वाइन ओतली की तवा थंड होतो आणि पंचवटीच्या वाचकाचाच प्रश्न उभा राहतो. गोड नसलेली शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यो ब्लाँ अर्धी वाटी घ्या, लसूण-लोण्यात तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवा, मग वेगळं भाजलेलं माकूल त्यात घोळवा.

प्रश्न (नाशिकरोड): मुंबईहून पंचवटी एक्स्प्रेसने येताना भाऊच्या धक्क्यावरून माकूल आणता येईल का?

उत्तर: येईल. शक्य असेल तर तिथेच आतडी काढून घ्या, पोटातले पाचक रसच माल आधी बिघडवतात. थर्मोकोलच्या डब्यात एक किलोला एक किलो चुरा बर्फ. माकूल जाड पिशवीत घट्ट बांधून बर्फाच्या मधोमध ठेवा. थेट बर्फात ठेवलं तर वितळलेलं पाणी पिऊन ते फुगतं आणि चव धुतली जाते. डब्याला टेप लावा, सहप्रवाशांसाठी तेवढं कराच. एप्रिल-मे महिन्यांत बर्फ दीडपट घ्या. घरी आल्यावर धुऊन टिपून त्याच रात्री शिजवा, किंवा एका वेळेला लागेल तेवढं चपट्या पिशवीत भरून गोठवा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. सोडवायचं तर रात्रभर फ्रीजमध्ये. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात अर्धा-पाऊण तास. गरम पाणी किंवा मायक्रोवेव्ह नको, कडा तिथेच शिजतात.

प्रश्न (आडगाव): माकूल म्हणून आणलं, पण आत पातळ पात्याऐवजी पांढरी जाड ढाल निघाली. फसवलं का?

उत्तर: नाही, ते माकुलाचंच भाऊबंद आहे, इंग्रजीत कटलफिश. अंग रुंद, फुगीर, पर दोन्ही बाजूंनी खालपर्यंत गेलेले. ती ढाल म्हणजे कटलबोन, आयुर्वेदातलं समुद्रफेन. पिंजऱ्यातल्या पोपटांना चोच घासायला टांगतात तेही हेच. मांस जाड असतं, म्हणून रश्शाला उत्तम आणि रिंगांना निरुपयोगी. शाई भरपूर, तेव्हा साफ करताना जास्त जपा: पाठीवरून उभा छेद द्या, ढाल सरकवून काढा, मग पोट उघडून पिशवी अलगद सोडवा. शिजायला माकुलापेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त.

प्रश्न (जेल रोड): मला कोळंबीची ॲलर्जी आहे. माकूल चालेल? आणि वडिलांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे.

उत्तर: तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. कोळंबीच्या ॲलर्जीला बहुतेकदा जे ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन कारण असतं, त्याच्याशी मिळतंजुळतं प्रथिन माकुलातही आहे. "हा वेगळा प्राणी आहे" म्हणून चव घेऊन पाहायची ही गोष्ट नाही. वडिलांबद्दल: 100 ग्रॅम कच्च्या माकुलात सुमारे 15-16 ग्रॅम प्रथिनं आणि दीड ग्रॅमच्या आत चरबी असते, पण कोलेस्टेरॉल 230 मिलिग्रॅमच्या आसपास. किती आणि कितीदा खावं ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं. खाल्लंच तर तळलेलं नको. यूरिक ॲसिड वाढलेल्यांनीही जपून.

प्रश्न (अशोका मार्ग): उरलेलं दुसऱ्या दिवशी गरम कसं करायचं?

उत्तर: रस्सा असेल तर बिनधास्त उकळा, मुरून तो आणखी चांगला लागतो. फ्रीजमध्ये दोन दिवस ठीक. परतलेलं माकूल पुन्हा तापवलं की हमखास चिवट होतं, त्यामुळे त्याचे बारीक तुकडे करा, कच्चा कांदा, लिंबू, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून गारच खा. मात्र ते जेवण झाल्या-झाल्या फ्रीजमध्ये गेलेलं असलं पाहिजे. तळलेल्या रिंगा उरल्या तर त्यांना उपाय नाही.